पळस आणि पळसमैना : वसंत ऋतूचा एक धडा

थंड देशांतील वसंत ऋतूची चित्रे आपण पुस्तकांत व भिंतीवरील दिनदर्शिकांत वारंवार पाहतो. अंगणातील बर्फ अर्धवट वितळलेले असते, त्यातून पांढरी व पिवळी फुले डोकी वर काढीत असतात, आणि कुंपणावर एखादे तांबड्या छातीचे लहानसे पाखरू बसलेले असते. अशी चित्रे पाहून आपली मुले विचारतात की, हा वसंत आपल्या तेल्हाऱ्याकडे का येत नाही? प्रश्न रास्त आहे. फाल्गुन-चैत्रात आपल्याकडे वावरे उघडी पडलेली, काळ्या जमिनीस भेगा गेलेल्या, ओढे कोरडे आणि वारा गरम, असा देखावा असतो. त्यास वसंत म्हणावे तरी कसे?

तथापि वसंत आपल्याकडेही येतो, आणि तो काही कमी थाटाने येत नाही. तो जमिनीवर न उतरता झाडांच्या शेंड्यांवर उतरतो, म्हणून खाली पाहून चालणाऱ्यास तो दिसत नाही. ह्या पाठात आम्ही प्रथम थंड देशातील बाग व आपले वऱ्हाडातील धुरे ह्यांची तुलना करू. मग ह्या दोन्ही ठिकाणांस जोडणाऱ्या एका पाखराची हकीकत सांगू. त्या पाखरास आपले शेतकरी चोर म्हणतात. ते म्हणणे कितपत खरे आहे, ह्याचा निवाडा वाचकांनी शेवटी स्वतः करावा.

१. थंड देशातील बाग

इंग्लंडसारख्या देशात हिवाळ्याच्या दिवसांत जमीन गारठून जाते, कित्येक रात्री ती वरून गोठते, व बहुतेक झाडे पानांवाचून उभी असतात. अशा वेळी जानेवारी-फेब्रुवारीत प्रथम स्नोड्रॉप नावाचे लहान पांढरे फूल दिसू लागते. त्याच्यामागून क्रोकस येते. आपण ज्यास केशर म्हणतो ते ह्याच कुळातील एका जातीच्या फुलातून निघते. पुढे मार्चमध्ये पिवळे डॅफोडिल व एप्रिलमध्ये ट्यूलिप, असा क्रम चालतो.

इतक्या थंडीत ही फुले उगवतात कशी? वऱ्हाडातील कोणत्याही शेतकऱ्यास ह्याचे उत्तर सहज समजेल, कारण त्याने कांद्याचे बी धरलेले असते. चांगला पोसलेला कांदा जमिनीत लाविला म्हणजे त्यातून दांडा निघून त्यावर फुलांचा गोंडा येतो. तो दांडा उभा करण्यास लागणारे अन्न कांद्याच्या पोटात अगोदरच साठविलेले असते. स्नोड्रॉप, डॅफोडिल व ट्यूलिप ह्यांचेही जमिनीखाली असेच कांदे असतात, आणि क्रोकसचा गड्डा असतो. गेल्या वसंतात पाने हिरवी असताना जे अन्न तयार झाले, ते त्यांत भरून ठेविलेले असते. बर्फ वितळताच ती पुंजी खर्चून झाड फुलते. ट्यूलिपच्या कांद्यास तर काही आठवडे थंडी मिळाल्यावाचून ते नीट फुलत नाही. ह्यास्तव आपल्या देशात ट्यूलिपची मोठी बाग पाहावयाची तर काश्मिरास जावे लागते. श्रीनगर येथे दल सरोवराजवळ अशी बाग लोकांस खुली झाली आहे, आणि दरवर्षी मार्च-एप्रिलच्या सुमारास थोडे आठवडेच ती फुललेली असते.

ह्या पहिल्या फुलांवर पुष्कळ जिवांची भिस्त असते. तिकडे बंबलबी नावाची केसाळ, जाड मधमाशी आहे. हिवाळा आला म्हणजे तिच्या पोळ्यातील सर्व माश्या मरून जातात. मात्र नव्या राण्या जमिनीतील भोकांत एकेकट्या निजून राहतात. वसंताच्या आरंभी राणी उपाशीपोटी बाहेर येते. त्या वेळी जवळपास क्रोकससारखी फुले असली तर तिच्या अंगात त्राण येते, ती नवे घर वसविते, आणि पुढे तिच्या लेकी शेतकऱ्याच्या फळझाडांची व शेंगांच्या पिकांची सेवा करितात. फुले नसली तर ती राणी मरते व तिच्याबरोबर सबंध होणारे घरकूलच जाते. म्हणून तिकडील जाणते माळी केवळ शोभेसाठी फुले लावीत नाहीत. वर्षाच्या ज्या दिवसांत बाहेर काही मिळत नाही, त्या दिवसांसाठीही लावितात.

२. आमची बाग

आता आपल्या मुलखाकडे वळू. तेल्हारा तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याची रांग उभी आहे व दक्षिणेकडे पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा पसरला आहे. आपल्याकडे जमीन गोठत नाही. परंतु पाऊस गेल्यावर आठ महिने तिला आभाळातून पाणी असे जवळजवळ मिळत नाही. तिकडे जे काम थंडी करिते, ते इकडे कोरडेपणा करितो. झाडांस पाण्याची तूट पडू लागली की ती आपली पाने गाळितात, कारण पानांतून पाणी वाफ होऊन उडून जाते. पाने गळाली म्हणजे झाड मेले असे नव्हे. त्याने आपला खर्च आवरला, एवढाच त्याचा अर्थ.

संत्र्याच्या बागाईतदारास ही गोष्ट पक्की ठाऊक असते. आंबिया बहार धरावयाचा तर तो हिवाळ्यात बागेचे पाणी तोडून झाडांस ताण देतो, आणि मग पाणी सोडतो. तेव्हा झाडे फुलांनी भरून जातात. थंडीचा व पाण्याचा ताण बसल्यावाचून हा बहार नीट फुटत नाही.

ज्या झाडांस कोणी पाणी देत नाही, तीही ह्याच सुमारास फुलतात. प्रथम काटेसावरीच्या उघड्या फांद्यांवर तांबडी, जाड पाकळ्यांची, पेल्याएवढी फुले दिसतात. पाठोपाठ पळस व पांगारा पेटल्यासारखे होतात. सातपुड्याच्या अंगास मोहाची फुले रात्री उमलून पहाटे खाली पडतात. ती कोरकू बंधुभगिनी टोपल्यांत वेचून घेतात, व अस्वलेही त्यांच्या शोधात येतात. चैत्रात कडुनिंब बारीक पांढऱ्या फुलांनी दरवळतो, आणि शेवटी कडक उन्हात बहावा पिवळ्या झुंबरांनी लवून जातो. थंड देशातील माळी जी ओळ अंगणात लावितो, तशीच ओळ आपल्या धुऱ्यांवर व नाल्यांच्या काठी आपोआप लागलेली आहे. फरक एवढाच की, तिकडे साठवण कांद्यात असते आणि येथे ती खोडात व मुळांत असते. गेल्या पावसाळ्यात जे मिळाले, तेच चैत्रात फुलाच्या रूपाने बाहेर येते.

३. पळसाचे फूल नीट पाहावे

शिक्षकांनी हा भाग शिकविताना मुलांस एकेक फूल हातात द्यावे. पळसाला पाने तीनच, ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. पण फुलास पाकळ्या किती, हे थोड्यांस सांगता येते. पाकळ्या पाच असतात. त्यांची मांडणी वाटाणा, तूर व हरभरा ह्यांच्या फुलांसारखी असते, कारण पळस त्यांच्याच कुळातला आहे. खालच्या दोन पाकळ्या जुळून पोपटाच्या चोचीसारखी वाकडी नाव बनलेली असते, व पुंकेसर तीत झाकलेले असतात. खाली काळपट, मखमली कोश असतो, आणि फुलाच्या बुडाशी गोड रस भरलेला असतो.

हे फूल हुंगून पाहिल्यास वास येत नाही. वासाची त्यास गरज नाही, कारण त्याचे गिऱ्हाईक वासाने न येता रंगाने येते. मधमाशीस तांबडा रंग नीट ओळखता येत नाही; पाखरांस तो दुरून दिसतो. आणि झाडावर पाने नसल्यामुळे तो लपतही नाही.

सकाळी फुललेल्या पळसाखाली अर्धा तास शांत उभे राहिल्यास मैना, बुलबुल, पोपट, कोतवाल आणि खारही पाहावयास मिळते. परंतु रस पिणारे सर्वच झाडाच्या उपयोगी पडतात असे नाही. दिल्ली येथील वनस्पतिशास्त्रज्ञांनी पळसाचा बारकाईने अभ्यास करून २००३ साली तो प्रसिद्ध केला. त्यांस असे आढळले की, पळसावर येणाऱ्या आठ जातींच्या पक्ष्यांपैकी एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलास नेऊन पोचविण्याचे खरे काम एकटा शिंजीर करितो. खारीकडूनही ते काही अंशी होते. शिंजीर म्हणजे तो आपल्या अंगठ्याहून थोडा मोठा, वाकड्या चोचीचा, उन्हात जांभळा-काळा चमकणारा पक्षी. बाकीचे पाहुणे जेवून जातात. झाड मात्र कोणासही हाकलीत नाही. एका खऱ्या सेवकासाठी ते सर्वांस वाढते, आणि तरीही त्याची शेंग धरते. त्या चपट्या शेंगेत टोकाशी एकच बी असते.

४. लांबचा पाहुणा

पळसावरील पाहुण्यांत एक थवा फार गलबला करणारा असतो. अंग फिकट गुलाबी, आणि डोके, पंख व शेपटी काळी, डोक्यावर काळी शेंडी, आकार साळुंकीएवढा. ह्यांस आपल्याकडे भोरड्या म्हणतात. मराठीत ह्याच पाखराचे दुसरे सुंदर नाव पळसमैना असे आहे. पिल्ले मातकट रंगाची असतात, म्हणून एकाच थव्यात दोन जाती आहेत असा भास होतो.

ही पाखरे आपल्या देशात घरटे करीत नाहीत. त्यांचा जन्म पूर्व युरोपापासून तुर्कस्तान व कझाकस्तान ह्यांवरून पश्चिम चीनपर्यंत पसरलेल्या मोकळ्या गवताळ मुलखात होतो. तेथे हिवाळ्यात बर्फ पडते. मे-जूनमध्ये तेथे नाकतोड्यांचा व टोळांचा सुकाळ झाला म्हणजे ही पाखरे हजारोंच्या वस्त्या करून दगडांच्या राशींत व कड्यांच्या फटींत अंडी घालितात, आणि पिल्लांस मुख्यत्वे टोळ व नाकतोडे भरवितात. पिल्ले उडू लागताच ती दक्षिणेस निघतात. आपल्या देशात त्यांचे थवे पावसाळ्याच्या मध्यापासून येऊ लागतात व एप्रिलपर्यंत बहुतेक परत जातात. अर्थात ज्या महिन्यांत सावर व पळस फुलतात, तेच त्यांच्या निघण्याच्या तयारीचे महिने होत. पुढे हजारो मैलांची वाट असते. त्या वाटेची शिदोरी अंगात भरून घेण्यास फुलांतील गोड रस व वावरातील किडे ह्यांचा त्यांस उपयोग होतो.

ह्याप्रमाणे थंड देशातील वसंत आणि आपल्याकडील वसंत हे दोन निराळे वसंत नाहीत, असे म्हणता येईल. तेल्हाऱ्याच्या धुऱ्यावर फाल्गुनात पळसावर जेवलेले पाखरू ज्येष्ठात कझाकस्तानच्या गवतात आपल्या पिल्लास घास देत असेल.

५. चोर की राखणदार?

आता शेतकऱ्याची फिर्याद ऐकू, कारण ती खोटी नाही. ज्वारीचे कणीस भरू लागले की भोरड्यांचा थवा ढगासारखा उतरतो, आणि पाहता पाहता कणसे पोकळ करितो. ह्याच पाखरांसाठी पिढ्यानुपिढ्या मुलांनी व म्हाताऱ्यांनी माळ्यावर बसून गोफण फिरविली व डबे वाजविले. ज्याच्या घरी वर्षाचे धान्य त्या एका वावरातून यावयाचे, त्याने ह्या पाखरास चोर म्हटले तर त्यास दोष देता येत नाही. सांप्रत वऱ्हाडात ज्वारीचा पेरा पुष्कळ उतरला असून कपाशी, सोयाबीन, तूर व हरभरा ह्यांनी तिची जागा घेतली आहे. म्हणून ज्या थोड्या वावरांत ज्वारी असते, त्यांवर थव्यांचा भार अधिक पडतो.

पण दुसऱ्या बाजूचा साक्षीदारही ऐकिला पाहिजे. पश्चिम चीनमधील शिनजियांग प्रांतात टोळ व नाकतोडे गुरांची कुरणे खाऊन टाकीत. तेथील लोकांच्या असे ध्यानात आले की, जेथे ही गुलाबी मैना वस्ती करिते तेथे टोळांचा उपद्रव उतरतो. म्हणून १९८० नंतरच्या काळात त्यांनी कुरणांत दगडांच्या राशी रचून व घरट्यांसाठी मुद्दाम जागा बांधून ह्या पाखरास बोलाविले, आणि त्या मानाने विषारी औषधांची फवारणी कमी केली. जे पाखरू आमच्या ज्वारीवर दगड खाते, त्याच्यासाठी तिकडे दगडांची घरे बांधितात!

आपल्याकडेही ते केवळ दाणेच खाते असे नाही. नांगरलेल्या व कापणी झालेल्या वावरांत ते अळ्या व नाकतोडे टिपीत फिरते. टोळ म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यांस नव्याने सांगावयास नको. २०२० सालच्या मे महिन्यात टोळधाड अमरावती जिल्ह्यात मोर्शी व वरुडकडील संत्र्याच्या मुलखात उतरली होती. ती वाळवंटी जात निराळी होती, आणि त्या वेळी पळसमैना परत गेलेल्या असतात; म्हणून त्यांनी ती धाड अडविली असती असे आम्ही म्हणत नाही. परंतु टोळ खाणाऱ्या पाखराची किंमत काय, हे त्या दिवसांत कोणासही कळले असते.

विषारी औषधांची किंमतही आपण पाहिली आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करिताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर मरण पावले. किडा मारण्याचे जे काम पाखरे फुकट करितात, तेवढ्या कामापुरते तरी ते विष आपणांस विकत घ्यावे लागू नये, ही इच्छा कोणास होणार नाही?

तर निवाडा काय द्यावा? आमच्या मते असा की, पीक उभे असताना राखण अवश्य करावी. गोफण व डबे ह्यांत काही गैर नाही. परंतु एका महिन्यातील वर्तन पाहून कोणत्याही जिवास बारमाही चोर ठरवू नये, आणि ज्या झाडावर तो वसंतात जेवतो ते झाड त्याच्या रागाने किंवा सरपणाच्या लोभाने तोडू नये. ते झाड तोडिल्याने भोरड्या ज्वारी खावयाच्या थांबत नाहीत, कारण ज्वारी त्याच्या पुष्कळ आधी पिकते. उपाशी राहतात त्या मैना, बुलबुल आणि शिंजीर, ज्यांची आपल्याशी काहीच फिर्याद नाही.

६. आपण काय करावे

पहिली गोष्ट, आपल्या वावराच्या धुऱ्यावर निदान एक पळस राखावा. तो खारवट व पाणी साचणाऱ्या जमिनीतही तग धरतो, म्हणून खारपाणपट्ट्यातील वाचकांसही ही अडचण सांगता येणार नाही. त्याच्या पानांच्या पत्रावळी व द्रोण होतात, फुलांपासून रंग निघतो आणि सालीतून डिंक मिळतो. उन्हाळ्याच्या अखेरीस शेंगा पिकतात; ताजे बी पावसाच्या तोंडी जमिनीत टाकावे.

दुसरी गोष्ट, उन्हाळ्यात वावर साफ करण्यासाठी धुरे पेटवून देण्याची चाल सोडावी. त्या आगीत लहान रोपे, सरडे, जमिनीवरील घरटी आणि मोठ्या झाडांची सालही जळते.

तिसरी गोष्ट, हरभऱ्याच्या वावरात काड्यांचे पक्षीथांबे रोवावे, म्हणजे कोतवाल व मैना त्यांवर बसून घाटेअळी टिपतात. कृषी विद्यापीठांचे तज्ज्ञही हाच सल्ला देतात. फवारणी करणे भागच पडले तर ती पीक फुलोऱ्यात असताना टाळावी, अथवा मधमाश्या घरी परतल्यावर संध्याकाळी करावी. त्याआधी निंबोळीचा अर्क वापरून पाहावा. पाच किलो निंबोळ्या बारीक कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्या, सकाळी गाळून त्यात पाणी घालून एकंदर शंभर लिटर करावे. म्हणजे पाच टक्क्यांचा अर्क तयार होतो.

चौथी गोष्ट शिक्षकांसाठी. शाळेत एक वही ठेवावी. सावरीचे पहिले फूल कोणत्या तारखेस दिसले, पळस केव्हा पेटला, भोरड्यांचा शेवटचा थवा केव्हा गेला, हे दरवर्षी तीत लिहावे. पाच-सात वर्षांनी ती वही गावाच्या मोलाची होईल. महाराष्ट्रात २०२० सालापासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळण्यात येतो. त्याचा पहिला दिवस मारुती चितमपल्ली ह्यांच्या व शेवटचा दिवस सालिम अली ह्यांच्या जन्माचा आहे. चितमपल्ली ह्यांनी वनखात्यात असताना आपल्या मेळघाटातही काम केले, आणि पाखरांची गावोगावची मराठी नावे जमविण्यात पुष्कळ वर्षे घालविली. ते २०२५ साली निवर्तले. त्या सप्ताहात मुलांनी म्हाताऱ्या माणसांकडून आपल्या गावातील पाखरांची नावे विचारून घ्यावी. नाव विसरले की पाखरू दिसेनासे झालेलेही कोणाच्या लक्षात येत नाही.

विचारण्याजोगे प्रश्न

१. ट्यूलिपचा कांदा व पळसाचे खोड ह्यांत कोणते साम्य आहे?
२. बंबलबीची राणी वसंताच्या आरंभी उपाशी राहिल्यास पुढे शेतकऱ्याचे काय नुकसान होते?
३. पळसाच्या फुलास वास का नाही? ते पाने गळाल्यावर का फुलते?
४. पळसावर येणाऱ्या पाखरांपैकी झाडाची खरी सेवा कोण करितो? बाकीच्यांस झाड हाकलीत नाही, ह्यावरून काय शिकावे?
५. भोरडीस आपल्याकडे चोर म्हणतात व शिनजियांगमध्ये तिच्यासाठी घरे बांधितात. दोघांचे म्हणणे कसे खरे आहे, ते सांगा.
६. तुमच्या गावाच्या धुऱ्यांवर आज किती पळस उभे आहेत? दहा वर्षांपूर्वी किती होते? हा प्रश्न घरी वडील माणसांस विचारून पुढील आठवड्यात उत्तर आणावे.